भिंतीवरचा फोटो: गडबमधले ५२ रविवार

ट्रेनमध्ये उभ्या उभ्या ऐकत असाल तर आधी हँडल नीट धरा, कारण आजचा भाग जरा लांब आहे. आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारी नाही, पगारवाढ तर नाहीच नाही. आज बोलायचंय फोटोवर. त्यातही एकाच प्रकारच्या फोटोवर, माणसाच्या चेहऱ्याच्या. त्याला आपण पोर्ट्रेट म्हणतो.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मी बीटेक, नवी मुंबईत सॉफ्टवेअरची नोकरी. घर गडबला, तालुका पेण, जिल्हा रायगड. मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ सोडलं, डोलवीचा स्टीलचा कारखाना मागे टाकला, की नागोठण्याच्या अलीकडे आमचं गाव लागतं. बहुतेक लोक खिडकीतून बघतात आणि पुढे गोव्याला जातात. हरकत नाही.

आता एक काम करा. पुढच्या वेळी गावी गेलात की भिंतीवर हार घातलेला जो फोटो असतो ना, तो जवळ जाऊन नीट बघा. दहातले निम्मे फोटो कुठल्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेले असतात. कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा असतो. मागे स्टुडिओवाल्याने निळं आभाळ टाकलेलं असतं. नाहीतर पासपोर्ट साइज फोटो मोठा केलेला असतो आणि आजोबा सरकारी कामाला आल्यासारखे आपल्याकडे बघत असतात. माणूस सत्तर-ऐंशी वर्षं जगला, आणि त्याचा एकट्याचा, त्याला आवडेल असा एक फोटो घरात नाही. आपल्या फोनमध्ये मात्र दहा हजार फोटो. त्यातले हजारभर बिर्याणीचे.

हे डोक्यात बसलं आणि दोन वर्षांपूर्वी मी स्वतःला एक चॅलेंज दिलं. वर्षभर दर रविवारी एक चेहरा. ५२ रविवार, ५२ माणसं, सगळी गडब आणि आसपासची. नियम तीनच. एक, विचारल्याशिवाय फोटो नाही, लपूनछपून तर अजिबात नाही. दोन, शेवटी एकच फोटो निवडायचा. तीन, महिन्याच्या आत त्याचा कागदावरचा प्रिंट त्या माणसाच्या हातात. व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे दिलं, असं नाही.

५२ पैकी ४४ झाले. काही रविवार पावसाने खाल्ले, काही ऑफिसच्या रिलीजने. पण त्या ४४ मध्ये जे कळलं ते आज सांगतो. कुठे काय अडलं, त्यावर काय केलं, कुठे खिशात हात घातला आणि कुठे नाही घातला.

फोन आणि नाक

सुरुवात फोनवर केली. पहिले अकरा चेहरे फक्त फोनवर. आणि जवळजवळ प्रत्येकाची एकच तक्रार, "नाक एवढं मोठं आहे काय माझं?"

यामागे साधं गणित आहे. फोनचा मुख्य कॅमेरा बराच वाइड असतो. चेहऱ्याने फ्रेम भरायची तर आपण नकळत ४० सेंटीमीटरवर जाऊन उभे राहतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत अंतर धरा साधारण १२ सेंटीमीटर. म्हणजे नाक ४० वर आणि कान ५२ वर. कान नाकापेक्षा ३० टक्के लांब पडला, मग नाक तेवढं मोठं दिसणारच. आता दोन मीटर मागे जा. नाक २०० वर, कान २१२ वर. फरक सहा टक्के. चेहरा लगेच आपल्या ओळखीचा दिसायला लागतो.

बघा, यात लेन्सचा काही दोष नाही. चेहऱ्याचा आकार ठरतो तो तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर. म्हणून फोन असला तरी दीड-दोन मीटर मागे जा आणि २एक्स किंवा ३एक्सवर काढा. पैसे शून्य, दोन पावलं मागे.

पोर्ट्रेट मोडबद्दलही सांगतो. फोन मागचं धूसर करतो ते सॉफ्टवेअरने अंदाज बांधून. कुठे माणूस संपतो आणि कुठे भिंत सुरू होते, याचा तो अंदाज असतो. टीशर्ट घातलेल्या, केस कापलेल्या पोरावर तो छान चालतो. पण आमच्याकडच्या आजीच्या नाकात नथ, केसांत अबोलीचा गजरा, डोक्यावरून पदर. तिथे गडबडतो. अर्धी नथ गायब, गजऱ्याचा ढग. माझ्या अनुभवात अशा वेळी तो मोड बंद ठेवायचा आणि माणसालाच भिंतीपासून लांब बसवायचं.

आणि ब्यूटी मोड, तो तर आधी बंद करा. आमची माणसं उन्हात भातशेती करणारी, खाडीवर जाणारी. त्यांचा रंग सावळा, काळा, तापलेला. फोन परस्पर त्यांना गोरं करतो, सुरकुत्या पुसतो. हा प्रकार जुनाच आहे म्हणा. कोडॅकच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला एक नमुना कार्ड असायचं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. त्याला शर्ली कार्ड म्हणायचे. कित्येक वर्षं जगभरचे चेहरे त्या एका गोऱ्या कातडीच्या मापाने छापले गेले. आता कार्ड गेलं, फिल्टर आला.

ओटीवरचा उजेड

दुसरी अडचण उजेडाची. रविवारी दहा वाजता बाहेर काढलं तर डोळे मिचमिचे, डोळ्यांखाली काळे खड्डे. आत काढलं तर ट्यूबलाइटचा हिरवट उजेड आणि मागे कॅलेंडर, गॅसचं कार्ड, टीव्हीच्या वायरी.

उत्तर घरातच होतं. जुन्या घरांना ओटी असते, ओटीवरून आत जायला रुंद दार. माणसाला दाराच्या आत, उंबऱ्यापासून दोन हात मागे बसवायचं. तोंड बाहेर. ऊन थेट अंगावर पडत नाही, पण अंगणातला सगळा उजेड त्या दारातून मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. मागचं घर आपोआप अंधारात जातं. कॅलेंडर गेलं, वायरी गेल्या. काळा पडदा विकत घ्यायची गरज नाही.

मग चेहरा थोडा वळवायचा. एक गाल उजेडात, दुसरा सावलीत. सावली फार गडद वाटली तर त्या बाजूला काहीतरी पांढरं धरायचं. मी आजोबांचं पांढरं धोतर वापरतो. एका पोराला दोन्ही हातांनी ताणून धरायला लावायचं. स्टुडिओत यालाच रिफ्लेक्टर म्हणतात. माझ्या पोर्ट्रेटमध्ये सर्वांत जास्त फरक पाडणारी वस्तू कुठली असं कुणी विचारलं तर मी ते धोतर दाखवतो.

इथे आमचा धंदा कामाला आला. बग शोधताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना? तसंच. एक वही केली. दर रविवारी लिहायचं: वेळ, दाराची दिशा, माणूस किती मागे, मी किती मागे. पुढच्या रविवारी त्यातली एकच गोष्ट बदलायची. सहा-सात आठवड्यांत कळायला लागलं की गावातल्या कुठल्या घरात सकाळी बसवायचं आणि कुठल्या घरात चारनंतर.

पहिली खरेदी

बाराव्या चेहऱ्यानंतर सेकंड हँड कॅमेरा घेतला, क्रॉप सेन्सरचा. त्याच्यावर ५० एमएम, एफ १.८ लेन्स. बऱ्याच कंपन्यांकडे ही लेन्स असते आणि त्यांच्या यादीतली ती बहुतेक स्वस्तातली असते.

का घेतला? कारण वहीत लागोपाठ एकच नोंद येत होती, "संध्याकाळ, उजेड कमी, फोटो किरकिरा." आमच्याकडची माणसं दिवसभर कामावर. त्यांना वेळ मिळतो तो दिवेलागणीला. मोठा सेन्सर आणि मोठं उघडणारं अपर्चर हे या एका अडचणीचं उत्तर होतं. अडचण वहीत तीनदा आली की मगच खरेदी, हा नियम तिथून लागला.

मोठ्या अपर्चरचा दुसरा पैलूही लक्षात ठेवा. दीड मीटरवर, एफ १.८ ला, या लेन्सची फोकसमधली जागा भरते साधारण सहा-सात सेंटीमीटर. म्हणजे जवळचा डोळा स्पष्ट, आणि कान धूसर. माणूस थोडा पुढे झुकला की फोकस गेला. एफ ४ केलं की तीच जागा १४ सेंटीमीटरच्या आसपास जाते. म्हाताऱ्या माणसांना स्थिर बसा म्हणून छळण्यापेक्षा अपर्चर थोडं बंद केलेलं बरं.

मग सगळे म्हणायला लागले, खरा पोर्ट्रेट ८५ एमएमवर. घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने आणली. लेन्स सुंदर, शंका नाही. पण क्रॉप कॅमेऱ्यावर अर्ध्या अंगाच्या फोटोला साडेतीन मीटर मागे जावं लागतं. आमची ओटी संपते, अंगण लागतं आणि मी शेजारच्या गोठ्यात. म्हैस माझ्याकडे बघतेय, मी काकीकडे बघतोय. परत केली. लेन्स आपल्या घराच्या मापाची हवी, यूट्यूबवाल्याच्या स्टुडिओच्या नाही.

हमरापूरचे डोळे

पेण म्हटलं की गणपती, हे तुम्हाला माहीत आहे. पेण शहर, आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावं. तिथे घराघरांत कारखाने. उन्हाळ्यात गेलात तर पांढऱ्या मूर्तींच्या रांगा दिसतात, नुसत्या, रंगाविना. आणि मग येते आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हे काम कुणालाही देत नाहीत. कारखान्यात हात बरेच असतात, पण आखणीचा हात वेगळा.

मी एका आखणी करणाऱ्या दादांचा फोटो काढायला गेलो. तासभर तर मी नुसता बसलो होतो. एक मूर्ती, एक बारीक ब्रश, श्वास रोखून एक रेघ. शेवटी त्यांनी बुबुळात पांढरा ठिपका टेकवला, आणि काय सांगू, इतका वेळ जी मूर्ती होती ती अचानक बघायला लागली.

मी विचारलं, ठिपका तिथेच का? ते म्हणाले, "खिडकी जिथं असंल तिथंच तो पडनार ना."

फोटोग्राफीत या ठिपक्याला कॅचलाइट म्हणतात. डोळ्यात पडलेलं उजेडाचं प्रतिबिंब. तो नसेल तर डोळा विझलेला दिसतो. त्या दिवसापासून शटर दाबायच्या आधी मी एकच गोष्ट बघतो: दोन्ही डोळ्यांत दार दिसतंय का? दिसत नसेल तर हनुवटी जरा वर, किंवा मी थोडा खाली.

त्या दादांचा फोटो काढायला मात्र घाम निघाला. दिवसभर देवाच्या डोळ्यात बघणारा माणूस लेन्समध्ये बघेना. लाजत होते. शेवटी कॅमेरा बाजूला ठेवला आणि म्हटलं, शिकवा मला एक रेघ. माझी रेघ बघून त्यांनी जे तोंड केलं, तोच फोटो घेतला.

मिठागरात दुपारी

आता येतो त्या शूटवर, ज्याने माझा सगळा विचारच बदलला.

पेण तालुक्याच्या खारेपाटात मिठागरं आहेत. खाडीचं पाणी उथळ खाचरांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून ढीग लावायचे. पाऊस यायच्या आत हंगाम संपतो. एप्रिलमध्ये एका मिठागरावर काम करणाऱ्या काकींचा फोटो घ्यायचं ठरलं. त्यांनी स्वतः बोलावलं होतं, काम चालू असतानाच ये म्हणाल्या.

तिथे उजेड उलटा. वरून ऊन, आणि खालून पांढऱ्या मिठावरून आपटून आलेला उजेड. डोळ्यांखालचे खड्डे आपोआप भरून निघतात. माझं धोतर इथे शेतभर पसरलं होतं म्हणा ना. पण कॅमेरा गोंधळतो. कॅमेऱ्याचं मीटर असं धरून चालतं की समोरचं जग सरासरी मध्यम करडं आहे. समोर सगळं पांढरं दिसलं की तो म्हणतो फार उजेड झाला, आणि सगळंच गडद करून टाकतो. मीठ करडं, आणि काकींचा चेहरा काळाठिक्कर. उपाय सोपा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक ते दीड स्टॉप वर. फोनवर असाल तर चेहऱ्यावर टॅप करा आणि बाजूचं सूर्याचं चिन्ह वर सरकवा.

फोटो जबरदस्त आला. डोक्याला फडकं, हातांना मिठाचे पांढरे थर, भेगा, डोळे थेट. लॅपटॉपवर उघडला आणि मनात म्हटलं, वर्षाचा फोटो हाच. मित्रांच्या ग्रुपवर दाखवला, सगळे म्हणाले एंट्री पाठव कुठेतरी. प्रिंट घेऊन काकींकडे गेलो.

त्यांनी बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "चांगला हाय. पन मना ह्यो कामाचा फोटू घरान नको."

त्यांची मुलगी तिथे उभी होती, माझ्याच वयाची, बँकेत कामाला. ती जरा स्पष्ट बोलली. म्हणाली, दादा, आईला लोक रोज असंच बघतात. भिंतीवरपण असंच कशाला?

दुसऱ्या रविवारी त्यांनी परत बोलावलं. नऊवारी नेसलेल्या, नाकात नथ, गळ्यात सोनं, केसांत गजरा. खुर्ची पुसून ठेवलेली. त्या बसल्या, पाठ ताठ. उंबऱ्यापासून दोन हात, तोंड बाहेर, धोतर मुलीने धरलं. पाच मिनिटांत झालं.

कलेच्या हिशोबाने बघाल तर तुम्ही पहिलाच फोटो निवडाल. स्पर्धेचा परीक्षकही तोच निवडेल. त्यांच्या भिंतीवर दुसरा आहे. आणि मी आज तुमच्यासमोर जे बोलतोय ते सगळं त्या दोन फोटोंच्या मधल्या आठवड्यात सुचलेलं आहे. पहिला फोटो मिठागरावरच्या बाईचा होता. दुसरा त्यांचा होता.

नावाचा प्रश्न

यावर थोडं वाचलं, तर मुंबईचाच एक जुना दाखला सापडला. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या फोटोंचं दोन खंडांचं पुस्तक काढलं. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा, आणि हा दुसरा महाराष्ट्राचा. त्यात माणसांचे फोटो वेगळे काढून मागे दुसरंच दृश्य जोडलेलं आहे. म्हणजे आपला पोर्ट्रेट मोड दीडशे वर्षांपूर्वीही होताच की! पण मुद्दा तो नाही. फोटोखाली मथळा असतो तो समाजाचा, जातीचा. समोर बसलेला माणूस म्हणजे एक नमुना. त्याला तो फोटो मिळाला का, आवडला का, हे विचारायची पद्धतच नव्हती.

मिठागरावरचा माझा फोटो त्याच रांगेत जाऊन बसला असता, म्हणजे छान उजेडात काढलेला एक नमुना. तो आजही माझ्याकडे आहे, काकींच्या परवानगीने. पण तो ४४ मध्ये धरत नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. लाला दीनदयाळ, ज्यांना राजा दीनदयाळ म्हणतात. जन्म १८४४. ऐका हं, इंजिनिअर माणूस. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी, आणि नोकरीत असतानाच कॅमेरा हातात घेतला. पुढे हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले, मुंबईतही स्टुडिओ काढला. मला त्यांची आवडते ती एक गोष्ट. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ सुरू केला, तो चालवायलाही बाईच. कारण परक्या पुरुषासमोर पडद्यातल्या बायका मोकळ्या बसणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. समोरच्याला संकोच वाटू नये म्हणून एवढी उस्तवार. म्हणून आता मीही कुठल्या काकी-वहिनींचा फोटो असेल तर माझ्या बहिणीला बरोबर नेतो. बहुतेक वेळा गप्पा ती मारते, बटण मी दाबतो. फोटो कुणाचा म्हणायचा, तुम्हीच ठरवा.

आणि नोकरी सांभाळून हे कसं जमणार, असं विचारणाऱ्यांसाठी गौतम राजाध्यक्ष. मराठी माणूस, सिनेमातल्या लोकांचे पोर्ट्रेट म्हटलं की पहिलं नाव त्यांचं. शिक्षण रसायनशास्त्राचं. १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीत लागले, १९८० मध्ये नटनट्यांचे पोर्ट्रेट काढायला सुरुवात केली, आणि नोकरी सोडली १९८७ मध्ये. म्हणजे सात वर्षं दोन्ही चालू. त्यामुळे पहिल्या महिन्यात राजीनामा टाइप करायला बसू नका.

हळदीची रात्र

आता गंभीर झालो, जरा हळदीला जाऊया. रायगडातली आगरी हळद तुम्ही रीलवर बघितली असेलच. लग्नापेक्षा हळद मोठी. एका मित्राच्या हळदीत त्याच्या आजीचा पोर्ट्रेट हवा होता, कारण आजी एवढी नटलेली परत कधी मिळणार?

तिथे तीन अडचणी एकदम. पहिली, एलईडीच्या माळा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण शटर फार वेगात असेल तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. म्हणून शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवायचं. दुसरी, मंडपाचं गुलाबी कापड. फ्लॅश वर मारला की गुलाबी होऊन खाली येतो आणि आजीला ताप आल्यासारखी दिसते. तिसरी, हळद. फ्रेममध्ये एवढा पिवळा रंग बघून ऑटो व्हाइट बॅलन्स तो काढून टाकायला बघतो. हळदीच्या फोटोतून हळदच गायब! व्हाइट बॅलन्स हाताने एका जागी पक्का करायचा.

या रात्रीनंतर वहीत "फ्लॅश" हा शब्द तिसऱ्यांदा आला, आणि मग घेतला. एक साधा फ्लॅश, एक पांढरी छत्री, एक स्टँड. दाराचा उजेड पिशवीत घालून नेता येतो, एवढाच त्याचा अर्थ.

कोकणातल्या माणसांसाठी आणखी एक. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी. कातडी बॅगेत, कपाटात तर आणखी लवकर. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. नवीन लेन्सच्या आधी हा डबा घ्या.

"त्यात मी चोर दिसतो"

शेवटची गोष्ट. आमच्या शेजारचे काका. आयुष्यभर खारीतली भातशेती. एका संध्याकाळी स्वतःहून आले. माझ्या यादीत ते नव्हते.

म्हणाले, "माझा एक फोटू कार. मी गेल्यावर पोरं आधार कार्डावरचा मोठा करतील. त्यात मी चोर दिसतो."

मी हसलो, ते हसले नाहीत. त्यांना खरंच हवा होता. आणि हसरा हवा होता. त्यांच्या मुलाला पटेना. हार घालायचा फोटो हसरा कसा लावायचा, लोक काय म्हणतील? काका म्हणाले, मी मेल्यावर रडायला तुम्ही आहात की.

रविवारी पांढरा सदरा, टोपी घालून दाराच्या आत बसले. आणि मग झालं असं, की हसरा फोटो हवा म्हणणारा माणूस कॅमेरा बघून दगड झाला. दहा मिनिटं गेली. एवढ्यात आतून काकीने विचारलं, "टोपी कंला घातलीस? दुसरं लगीन हाय काय?"

तो फोटो. शटर १/२००, एफ ४, दोन्ही डोळ्यांत दार.

१२ बाय १८ चा प्रिंट करून फ्रेम करून दिला. काकांनी स्वतः खिळा ठोकला, टीव्हीच्या वर. येईल त्याला दाखवायचे. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. घरच्यांना फोटो शोधावा लागला नाही, कापावा लागला नाही, निळं आभाळ टाकावं लागलं नाही. हार तेवढा घातला.

आता तुमचं काम

ऐकून सोडून देऊ नका. या रविवारी एक माणूस निवडा. घरातलंच, वयाने मोठं. आधी विचारा, कसा फोटो आवडेल? कुठली साडी, कुठला सदरा, चष्मा लावून की काढून? उत्तर तुमच्या डोक्यातल्या फोटोशी जुळणार नाही, तरी त्यांचंच ऐका. दाराच्या आत बसवा. दोन मीटर मागे जा. २एक्स. ब्यूटी मोड बंद. डोळ्यांत दार बघा. गप्पा मारायला कुणीतरी घरचं बरोबर घ्या.

मग एक फोटो निवडून प्रिंट काढा. मागे पेन्सिलने नाव, गाव, तारीख लिहा. फोन हरवतो, पासवर्ड विसरतो, कागद कपाटात राहतो. इन्स्टावर टाकायचा असेल तर प्रिंट दिल्यावर विचारा. "नको" म्हणाले तर नको.

आणि एक वही करा. कॅमेऱ्याच्या सेलची जाहिरात आली की ती वही उघडा. तुमची अडचण तीनदा लिहिलेली असेल तर घ्या. नसेल तर त्या पैशांत प्रिंट काढा, खूप निघतील.

माझे आठ चेहरे अजून बाकी आहेत. पाऊस संपला की सुरू करतो. यादीत पहिलं नाव कुणाचं आहे माहितीये? काकीचं. त्या म्हणतात, मला टोपीबिपी नको, हसरा पण नको, आणि फोटो यांच्या शेजारी बसेल एवढाच मोठा हवा. मापं घेऊन ठेवलीत.

चला, तुमच्या घरातल्या माणसाने फोटोसाठी काय अट घातली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि ट्रेनमध्ये असाल तर स्टेशन आलंय का बघा.